कॅमेऱ्यामागचा आवाज

"बाबा, हात लावू नका! रेकॉर्डिंग चालू आहे," मुलगी ओरडली, तसा त्याने हात मागे घेतला. व्हीसीआरमध्ये कॅसेट घरघरत होती आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसत्या करड्या रेघा धावत होत्या.

जन्मभर शिलाई मशीनं दुरुस्त केलेला माणूस तो. यंत्र अडलं की उघडून बघायची त्याची सवय. जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्या दुकानदाराने ही कॅसेट उजेडात धरून तशीच परत दिली होती. "काका, आत बुरशी आहे. माझं मशीन जाईल. घरी लावून बघा, पण चालली तर एकदाच चालेल."

बायकोचा आवाज जगात एवढ्या एकाच ठिकाणी उरला होता. गाठ निघाली म्हणून डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्रच काढलं. शेवटच्या बाकावरच्या पोरांना जागेवरून गप्प करणारी शिक्षिका तेव्हापासून खुणांनी बोलत होती. कॅसेटमधल्या सहलीच्या शूटिंगमध्ये ती कुठेच दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती, कारण कॅमेरा तिच्याच हातात होता.

ती खुर्चीत बसली होती, गळ्याला रुमाल, नजर जमिनीकडे. सकाळी तिने मान हलवून 'नको' म्हटलं होतं. टेप तुटेल म्हणून घाबरते आहे, असं त्याला वाटलं होतं. आता मनात भलतंच आलं. ऐकून ही कोसळली तर?

रेघा विरल्या. नदीकाठ दिसला. काळ्याभोर केसांचा तो स्वतः विजार दुमडून उभा होता आणि फ्रॉक घातलेली मुलगी पाण्याकडे पळत होती.

कर्रर्र झालं आणि चित्र थिजलं.

"गेली!" मुलगी पुटपुटली.

प्लग काढून त्याने झाकण उघडलं. टेप रुळाभोवती गुंतून चुरगळली होती. एक चुकीचा हिसका बसला, की संपलं. श्वास रोखून त्याने ती बोटाने सोडवली, नखाने सुरकुती दाबली, हळूच गुंडाळून घेतली. कपाळावरचा घाम टेपवर पडेल म्हणून मुलगी रुमाल धरून उभी होती.

कॅसेट पुन्हा आत गेली. रेघा आल्या, नदी आली.

"अहो! अहो, लक्ष कुठंय तुमचं? धरा तिला, पाण्यात जाईल ती!"

खणखणीत आवाज, धारदार, थोडा चिडका. मुलीने तोंडावर हात ठेवला. त्याची बायकोकडे बघायची छाती होईना. बघितलं तेव्हा तिची मान वर झाली होती आणि ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते. पुढे थोडं बोलणं, थोडं हसणं, "अहो, इकडे या जरा," एवढं आलं आणि टेप तुटली. आलं तेवढं मुलीने साठवून घेतलं आणि ते कसं लावायचं, ते आईला दाखवलं.

बायको ना रडली, ना हसली. तिच्या मनात काय चाललंय ते कळेना, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. चहाचं निमित्त करून तो स्वयंपाकघरात गेला.

"अहो, इकडे या जरा."

"आलो, आलो!" हातातलं भांडं तसंच घेऊन तो धावला आणि दारातच थबकला. मुलगी निघून गेली होती. बायको कॉम्प्युटरपुढे एकटीच बसली होती, माउसवर बोट ठेवून.

"काय गं?" तो कसाबसा म्हणाला.

तिने खिडकीकडे बोट केलं. वारा येत होता.

त्याने खिडकी लावली. मग तिच्याकडे पाठ करून बराच वेळ कडीशी खटपट करत राहिला.