इसहाकाची विहीर आणि मिशन गल्लीचा हापसा

आमच्या पाळकसाहेबांची बायबल उलगडायची रीत ठरलेली आहे. पेट्रोल महागलं की प्रवचन सहनशीलतेवर. रस्ता खचला की अरुंद वाटेवर. पंचायतीनं मिशन गल्लीतला हापसा उपटून नेला, त्या आठवड्यात ते जिवंत पाण्यावर बोलले. मी मंडळीचा सचिव. वर्षभरात कुठल्या पुढाऱ्याला टोचेल असं एकही वचन त्यांनी काढलेलं नाही.

हापशाच्या जागी नळ द्या, असा अर्ज मी लिहून ठेवला होता. नव्या पाइपलाइनची यादी सोमवारच्या ग्रामसभेत बंद होणार होती. अर्ज मंडळीचा, म्हणून सही पाळकांची. तीन आठवडे त्यांचं एकच, "प्रार्थना करून सांगतो." उपसरपंच मृत्युंजयअप्पांनी चर्चपुढं पत्र्याचं शेड कबूल केलं होतं. प्रार्थना त्यामुळं लांबली असावी.

शुक्रवारची प्रार्थना साखराबाईच्या घरी होती. सत्तरीची बाई, रोज दोन घागरी घेऊन हायवेपलीकडं जाते. घरच्या प्रार्थनेत आम्ही पाळीनं वाचतो. मंडळीतल्या प्रत्येकानं एक वचन, पाहुण्यांनी फक्त ऐकायचं. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारी सांगतो, तो मोठ्यानं म्हणतो. पाळी कुणाचीच चुकवत नाहीत.

पाळकांनी डोकी मोजली. अकरा. मग उत्पत्तीचा सव्विसावा अध्याय काढला, वचनं बारा ते बावीस. इसहाकानं विहिरी खणल्या, लोकांनी भांडून घेतल्या, तो पुढं पुढं सरकत गेला आणि शेवटी त्याला बिनभांडणाची विहीर मिळाली.

वाचन चालू असतानाच मृत्युंजयअप्पा दोन माणसं घेऊन आले. निवडणूक जवळ आली की त्यांना आमच्या प्रार्थनेची ओढ लागते. त्यांच्यामागं मंडळीतल्याच चार बायका उशिरानं शिरल्या. बाविसावं वचन झालं आणि पाळकांनी पुस्तक मिटलं.

"बघा, इसहाक भांडला नाही. सरकला. देवानं दिलं."

"मिटता कशाला साहेब? आमची पाळी हाय की," मागून एक बाई म्हणाली.

चौघींनी वाचलं. चौथीच्या वाट्याला आलं, अबीमलेख राजा दोन माणसं घेऊन इसहाकाकडं आला. सगळ्यांच्या नजरा अप्पांच्या दोन माणसांवर गेल्या. तेवढ्यात साखराबाई चहा ठेवून बाहेर आली. सत्ताविसावं तिचं. सून उज्वला तिच्या कानाला लागली. साखराबाईनं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि अप्पांकडं बघत म्हणाली,

"इसहाक म्हन्ला, तुमी माझा दुस्वास केलाव, मला हाकलून दिलाव, आन् आता कशाला आलाव?"

अप्पा हसले. "मावशी, लई भारी वाचता की!"

"मी न्हाई, पुस्तक म्हंतंय. हापसा कुटं नेलाव अप्पा?"

"साखराबाई, त्याचा अर्थ आध्यात्मिक आहे," पाळक घाईनं म्हणाले.

"विहीर बी आध्यात्मिक व्हती का? मग त्येची गुरं काय पिऊन राहिली व्हती?"

मी अर्ज पुढं केला. अप्पा उदार झाले. "पाळकसाहेबांची सही होऊ द्या, मी स्वतः मांडतो."

पाळकांनी खिसे चाचपले. पेन नाही म्हणाले. लगेच दहा पेनं पुढं आली. वचनाखाली रेघ मारायला आमच्यात प्रत्येकाजवळ पेन असतं. मग म्हणाले, चष्मा घरी राहिला. तो नाकावर होता.

"जवळचा, जवळचा," ते म्हणाले. याच चष्म्यातून त्यांनी बारावं वचन वाचलं होतं.

सोमवारी ग्रामसभा झाली. यादी बंद झाली. पाळक त्या दिवशी लातूरला परिसंवादाला गेले होते. विषय : चर्च आणि समाज.

मंगळवारी परतले तेव्हा त्यांच्या फाटकात चौदा घागरींची रांग होती. आवारात चर्चचं बोअर आहे, त्याची मोटर पाळकीणबाईंच्या ताब्यात. रांगेत पहिली साखराबाई.

"हे काय मावशी?"

"तुमीच सांगितलाव न्हवं? इसहाक भांडला न्हाई, सरकला. आमी बी सरकलो. मोटर लावा."

पाळकांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिथंच सही केली. चष्मा तोच.

पंचायतीतल्या कारकुनानं अर्जावर मंगळवारचा शिक्का मारला आणि म्हणाला, पुढच्या यादीत बघू. पुढची यादी कधी, हे त्यालाही ठाऊक नाही.

घागरी फाटकातून हललेल्या नाहीत. पाळकीणबाई आता रोज सकाळी मला विचारतात, अर्जाचं काय झालं?

मी सांगतो, प्रार्थना चालू आहे.