अठरांच्या जागी एक

चिपच्या चाळीस पायांपैकी एक पाय वाकडा होता. केसाएवढाच, पण भिंगाखाली तो दुखऱ्या बोटासारखा बाजूला झालेला दिसत होता, आणि चिमट्याने तो सरळ करता करता त्या इंजिनिअरच्या मनात आलं – हा काळा तुकडा आपण केलेला आहे. आपल्या हातांनी नव्हे; पण याच्या पोटात काय कुठे बसवायचं हे दोन वर्षं कागदावर रेघा ओढून ठरवलं ते आपणच... पडद्यावरचं चित्र, आवाज, कळफलक, कॅसेटवरून प्रोग्राम वाचणं – सगळं एकाच चिपमध्ये. त्याआधी कारखान्याच्या घरगुती कॉम्प्युटरला एवढ्याच कामासाठी अठरा चिप लागत.

तो आधीचा बोर्डही शेजारीच होता. एका हौशी संग्राहकाने दोन्ही मशीनं दुरुस्तीला दिली होती. निवृत्तीनंतर असली कामं तो आवडीने घेई. जुन्या बोर्डावर चिप दाटीवाटीने बसलेल्या, नव्यावर मधोमध एकच आणि भोवती मोकळं रान. त्या मोकळ्या रानाचं तेव्हा त्याला कोण कौतुक! जेवताना त्याने ताईला बोटं नाचवून सांगितलं होतं, "सतरा उडवल्या, एक ठेवली!" ताई त्याच कारखान्यात, सोल्डरिंगच्या रांगेत, वितळत्या धातूच्या थेंबांनी बोर्डावर चिप जोडायला. घास हातात तसाच धरून तिने विचारलं, "मग आम्ही काय करायचं?" आणि तो म्हणाला होता – हसत म्हणाला होता – "आराम!"

सहा महिन्यांत ती रांग बंद झाली. बत्तीस बायका. ताई पुढे शाळेचे गणवेश शिवत राहिली, डोळे अधू होईपर्यंत... आणि तो एक शब्द त्याच्या मनातून कधी गेला नाही.

दर गुरुवारसारखी दुपारी ताई आलीच. खुर्ची ओढून बसली, जुना बोर्ड उचलून त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवू लागली.

"हे माझं काम नव्हे," ती म्हणाली. "माझे थेंब असे फुगायचे नाहीत. ही माझ्या डावीकडची बडबडी असणार. तोंड सुरू झालं की हाताचं भान सुटायचं तिचं."

तो हसला. मग, आज नाही तर कधीच नाही, असं वाटून त्याने विचारलंच. ते जेवण, तिचा प्रश्न, आपलं उत्तर – सगळं सांगितलं. तिचा अंगठा फिरतच होता.

"असं म्हणालास? नाही बाई आठवत. आणि म्हणाला असशील तर काय झालं! तेव्हा तुझे पाय जमिनीवर होते कुठे?"

त्याला हलकं वाटायला हवं होतं.

"राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा," ती सहज म्हणाली. "शेवटच्या दिवशी आम्ही साऱ्याजणी डबे घेऊन फाटकातून निघालो. तू समोर, साहेबांच्या घोळक्यात. मी हात केला. तू बघितलंस, आणि बुटाची नाडी बांधायला वाकलास. आम्ही पार पुढे गेलो तरी वाकलेलाच."

"मी?"

"नाहीतर कोण? चहा टाकते."

ती आत गेली. त्याने आठवून पाहिलं. फाटक आठवत होतं, साहेब आठवत होते. ती संध्याकाळ मात्र कुठेच नव्हती. इतकी वर्षं जी चूक उराशी धरली ती तिच्या खिजगणतीतही नाही, आणि जी तिने धरली ती आपल्याला... खरंच आठवत नाही, की – त्याने डोळे मिटले. हळूहळू एक काळा बूट दिसू लागला. नाडी नीट बांधलेली, गाठ पक्की, आणि तिच्याशी उगाच चाळा करणारी बोटं. ही आठवण आपली, की ताईने आत्ता दिलेली?

"साखर किती रे?" आतून आवाज आला.

त्याचे डोळे मिटलेलेच होते, आणि डोळ्यांपुढे ते फाटक. वर बघायचा धीर होत नव्हता – पावलं अजून समोरून जात होती, आणि मी खाली मान घालून मोजत होतो, आणखी किती जणी उरल्या.