आमच्या बाजूची काच

बळवंतरावांच्या टाकीसारखी टाकी जव्हारात नव्हती, आणि मोखाड्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. खारं पाणी, जिवंत प्रवाळ, केशरी पट्ट्यांचे मासे. "समुद्रानं घाट चढून आमच्याकडे बिऱ्हाड केलंय," असं ते दाभोशाचा धबधबा बघायला आलेल्या पाहुण्यांना ऐकवत. पाहुण्यांना मग धबधब्याची घाई व्हायची.

इन्व्हर्टरचा पॉइंट खिडकीपाशी, म्हणून टाकीही खिडकीला लागून. खिडकीबाहेर बोळ आणि बोळापलीकडे चुलतभाऊ परागचा हॉल. परागनं आपला सोफा हळूच फिरवून खिडकीसमोर आणला होता. मीठ बळवंतरावांचं, विजेचं बिल बळवंतरावांचं, आणि चहाचा कप हातात धरून "वा!" म्हणणारे पाहुणे परागचे. तेही त्यांनी गिळलं असतं. पण एका सकाळी परागची बायको सोनल खिडकीतून म्हणाली, "भाऊजी, आमच्या बाजूची काच शेवाळलीय. तेवढी पुसून घ्या ना."

आमच्या बाजूची!

बळवंतराव तडक काळ्या रंगाचा डबा घेऊन आले. मागची काच काळी केली की रंग उठून दिसतात, असं टाकीवालाही म्हणाला होताच.

"रंग उठून दिसायला हवेत, की पराग उठून जायला हवा?" त्यांच्या पत्नी आशालतावहिनींनी भाजी निवडता निवडता विचारलं.

"मला माशांची काळजी आहे."

"माशांनी तक्रार केली का?"

रंगवण्याआधी तिकडून नेमकं किती दिसतं ते पाहावं, म्हणून बळवंतराव परागकडे गेले आणि सोफ्यावर टेकले. टेकले ते टेकलेच. सकाळचं ऊन खिडकीतून टाकीत शिरत होतं, आणि सगळे प्रवाळ उन्हाकडे, म्हणजे परागकडे, तोंड करून फुलले होते. मासे तिथेच खेळत होते. इतके महिने बळवंतराव घरात बसून त्यांच्या पाठी बघत होते. आपल्याच पैशांनी पोसलेलं सौंदर्य दुसऱ्याच्या दारी हसत होतं.

रंगवलं तर ऊन जाणार आणि प्रवाळ कोमेजणार. नाही रंगवलं तर पराग फुलणार.

डबा तसाच राहिला. बळवंतरावांनी ती काच मात्र लख्ख पुसली, आणि नीट पुसली गेली का ते बघायला पुन्हा सोफ्यावर जाऊन बसले. मग रोजच बसू लागले, अगदी मधोमध. सोनल चहा देई. परागचे पाहुणे आले की बळवंतरावच माशांची माहिती सांगत आणि पराग दाराशी खुर्ची ओढून बसे. पाहुण्यांचा "वा!" आता बळवंतरावांकडे बघून निघे.

शेवटी एका सकाळी पराग नवा ब्रश घेऊन समोर उभा राहिला. "दादा, टाकीची मागची बाजू रंगवणार होतास ना? मी देतो रंगवून. आजच."

"रंगव की," बळवंतराव माशांवरची नजर न काढता म्हणाले. "मागची बाजू आमच्या हॉलमध्ये आहे. वहिनीला विचारून जा."