रागीमुद्देतली कॅप्सूल

आनेकलच्या भगवंतरावांच्या कोंबड्या बर्ड फ्लूनं मेल्या आणि पाठोपाठ त्यांनाही ताप भरला; दवाखान्यात त्यांना काचेआडच्या वेगळ्या खोलीत ठेवलं. विषाणूवरचं औषध ताबडतोब पोटात जायला हवं होतं, पण कॅप्सूल काही त्यांच्या घशाखाली उतरेना. दर वेळी थुंकून टाकत.

त्यांच्या पत्नी सकवारबाईंनी स्वतःची बचावाची कॅप्सूल मुकाट घेतली आणि डॉक्टरांना विचारून नर्सच्या हाती नाचणीच्या उकडीची मऊ, कोमट रागीमुद्दे दिली. "हर्षिता, ह्यात दडव ती कॅप्सूल."

"अक्का, चावली तर?"

"मुद्दे कुणी चावतं का गं? ती गिळायचीच असते!"

सारात बुडवलेला घास रोज सुळकन उतरत गेला. मग तापही उतरला.

काचेपलीकडून भगवंतराव गरजले, "बघितलंस? औषधाशिवाय बरा झालो!"

"सरी, बरं हो, जिंकलात," डोळे पुसत, हसत सकवारबाई म्हणाल्या, "आता हर्षिता देतेय तो शेवटचा घास तेवढा घ्या."