सोमवारचा बॅकअप

अभिराजने वरवंटा दुसऱ्यांदा उचलला तेव्हा कॉम्प्युटरचा पडदा आधीच फुटला होता. दुसरा घाव खालच्या डब्यावर बसला. पत्रा आत गेला, पंखा करकरून थांबला. तिसऱ्या वेळी मथुराने हात मध्ये घातला आणि वरवंटा तिचं डावं मनगट सोलून गेला.

"घरात बसून चिकपेटच्या बाईची चाकरी करतेस?" तो दात खाऊन, पण हळू बोलत होता. "माझ्या पगारात कमी पडतं तुला? बोल ना!"

मथुरा बोलली नाही. सोमवारी पहाटेच्या स्नानापासून देवापुढे सांजवात लागेपर्यंत तिचं मौन असे. आईकडून घेतलेलं व्रत. लग्नानंतरही कधी खंडलं नव्हतं. मल्लेश्वरमच्या त्या इमारतीत एका मजल्यावर समोरासमोर दोनच घरं. इतर वारी हात उगारण्याआधी, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, अभिराज दाराला कडी घालायचा. सोमवारी दाराचा नुसता पडदा पुरे.

त्याने तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. तिने ओठ मिटून घेतले. मनातल्या मनात जप चालू होता, तो मध्येच कुठे तुटला ते तिलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती चिकपेटच्या बाजारात गेली, पदर कानावरून ओढून. गंगव्वाच्या साड्यांच्या दुकानासाठी ती काठांची चित्रं काढायची आणि विणकर त्यावरून काठ विणायचे. मोराचा, कुयरीचा, रुद्राक्षाचा, सगळे काठ कॉम्प्युटरच्या त्या डब्यात होते.

"गेले, अक्का. एक उरला नाही."

गंगव्वाने मनगटाच्या चिंधीकडे पाहिलं. समोरची साडी घडी घालून बाजूला सारली.

"चित्रं डोक्यात आहेत, परत काढशील. उद्या डोकंच फुटलं तर?"

मथुरा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"दुकानावरच्या खोलीतला भाडेकरू महिनाभरात जातोय, मग तू ये," गंगव्वा म्हणाली. "कॉम्प्युटर आहे तिथं. स्वल्प जुना, पण चालतो. कपडे आणू नकोस, भांडी आणू नकोस. चित्रं तेवढी आण."

"हे नवा आणतील. तोही फोडला तर?"

"चित्रांचा बॅकअप ठेवतात म्हणे, म्हणजे दुसरी प्रत, घराबाहेर, कुठंतरी इंटरनेटवर. शिकलीस ना इतकं? तेही शीक."

शनिवारी अभिराज नवा कॉम्प्युटर घेऊन आला. बरोबर मल्लिगेचा गजरा आणि मनगटाला लावायचं मलम. दर वेळी असंच व्हायचं. वस्तू तेवढी वेगळी.

सोमवारी दुपारी तो नव्या कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. बॅकअपची मागणी तिने आदल्या दिवशीच केली होती, आणि तो खूश होता. तिने मागितलं म्हणजे तिचा राग गेला, असा त्याचा हिशेब.

"मी वाचतो, तू मान हलव. सरी, ठीक ना? हा पहिला प्लॅन फक्त रात्री कॉपी काढतो. हा दुसरा, तू रेघ ओढलीस की लगेच पाठवतो. महाग आहे, पण चालेल."

मथुराने दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"कॉम्प्युटर हरवला, बिघडला, फुटला..." तो जरासा हसला. "तरी दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळं जसंच्या तसं उतरवता येतं."

तिचं बोट 'दुसऱ्या' या शब्दावर जाऊन थांबलं.

"हो गं, कुठल्याही. मनाला लावून घेऊ नकोस आता. यापुढे कितीही फुटू दे, तुझं काही जाणार नाही."

हे तो मायेने म्हणाला. मथुराला स्वयंपाकघरातला पाटा दिसत होता. त्यावर धुऊन ठेवलेला वरवंटा होता.

"दोन वर्षांचा घेऊ? एकदा भरले की सुटलो."

तिने मान हलवली. नको.

"मग वर्षाचा?"

नको.

"अगं, मग काय आयुष्यभराचा?"

सांजवातीला अजून वेळ होता. गॅलरीतल्या तुळशीवर ऊन होतं.

"एका महिन्याचा," मथुरा म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण दाराच्या पडद्यापलीकडे पोचला. समोरच्या घरातली भव्या उंबऱ्यावर अवरेकाळूच्या, वालासारख्या शेंगा सोलत होती; त्यांचा कटकट आवाज थांबला.

"व्रत मोडलंस?" अभिराज तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा आवाज खाली गेला. "महिन्यानंतर काय आहे?"

त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग खुर्ची मागे सारून उठला. कडीकडे हात जाणार इतक्यात पडदा हलला.

"मथुराक्का? आज सोमवारी बोललात?" भव्या बाहेरूनच विचारत होती. "बरं आहे ना सगळं? आत येऊ का?"

"ये गं," मथुरा म्हणाली. "दार उघडंच आहे. शेंगा पण आण, इथेच सोलू."

भव्या टोपली घेऊन आली आणि दाराशीच फतकल मारून बसली. एकदा मनगटाकडे, एकदा अभिराजकडे पाहून तिने शेंग मोडली.

"काय घेताय, अण्णा?"

"हिच्या कामाचं... एक सॉफ्टवेअर." तो परत खुर्चीवर बसला. ओठांवर हसू आणून त्याने एका महिन्याच्या चौकटीवर टिचकी मारली, फोनवर आलेला आकडा भरला आणि पैसे दिले.

मथुराने माऊस आपल्याकडे ओढून घेतला आणि मोराच्या काठाची पहिली रेघ ओढली.