वीस किलोंच्या सॅकची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. स्वयंपाकघराच्या दारामागे, खाली जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून बसते. एके काळी मी हिरवी होते. आता माझ्या रंगाबद्दल घरात दोन मतं आहेत, आणि दोन्ही माझ्या तोंडावर सांगण्यासारखी नाहीत.

माझा जन्म शिवणाच्या एका कारखान्यात झाला. जाड कापड, पितळी बकलं आणि दोन रुंद पट्टे. मला शिवणाऱ्या बाईंनी पट्ट्यांवर तीन वेळा टीप मारली. एक टीप पुरे, असं मुकादम सारखं सांगत होता आणि बाईंना त्याचं ऐकायचं नव्हतं. त्या भांडणाच्या पुण्याईवर मी आजवर तग धरून आहे.

कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने मला पसंत केलं. तिच्या पाठीवरून मी पुस्तकं वाहिली, ओले मोजे वाहिले, डोंगर चढले. पुढे ती अग्निशमन दलात भरती झाली. इमारतीतले लोक तिला बंबवाली म्हणू लागले आणि मला बंबवालीची सॅक. ते माझे सुखाचे दिवस. मग तिचं लग्न झालं, मुलगी झाली, सगळ्यांची चिमणी, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. दीड वर्ष ना कुणी विचारलं, ना कुणी झटकलं.

एका सकाळी तिने मला खाली ओढलं. बाळंतपणाची लांबलेली रजा संपत आली होती आणि कामावर परत घेण्याआधी दलाची परीक्षा होती. खांद्यावर वीस किलोंची पाईपची गुंडाळी घेऊन सहा मजले चढायचे, तेही अडीच मिनिटांत. हातात सहा आठवडे होते. जमलं नाही तर कायमचं टेलिफोनच्या खुर्चीवर बसायचं. लोकांना फोनवर 'घाबरू नका' म्हणायचं आणि बंब दुसऱ्यांनी घेऊन जाताना खिडकीतून बघायचं. ही कल्पना तिला सोसवत नव्हती.

व्यायामशाळेत जायला वेळ कुठला? चिमणी उठायच्या आत जे होईल ते. म्हणून तिने घरातलंच सामान पिशव्यांतून माझ्यात भरलं. दहा किलो तांदूळ, पाच किलो पीठ, तीन किलो साखर, दोन किलो मीठ. दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीने, ती पोस्टात पार्सलं तोलते, आपला आकड्याचा वजनकाटा आणून मला त्याला लटकवलं. बरोबर वीस. मैत्रीण काटा घेऊन गेली. मला पुन्हा तोलावं, हे पुढे कुणाच्या मनातही आलं नाही.

सासूबाईंना मात्र यातलं काही सांगायचं नाही, असं नवराबायकोने ठरवलं. कारण चिमणी झाल्यापासून सासूबाईंचा एकच धोशा होता, आता आगीत जाणं पुरे, खुर्चीवरचं काम माग. त्यामुळे सकाळी साडेसहाला सॅक घेऊन कुठे निघालीस, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गच्चीवर जाऊन येते, आई."

मित्रांनो, हे खोटं नव्हतं. पण अर्ध्या खऱ्यासारखं धोक्याचं दुसरं काही नसतं.

पहिल्या दिवशी तिला पावणेचार मिनिटं लागली. गच्चीच्या दाराशी ती अशी बसली, की आता हिलाच उचलून खाली न्यावं लागणार असं मला वाटलं. दुसऱ्या आठवड्यात तीन मिनिटं वीस सेकंद. चौथ्या आठवड्यात अडीच. पाचव्यात दोन मिनिटं दहा. मैत्रीण घड्याळ धरून उभी असायची आणि आकडा ऐकून स्वतःच धापा टाकायची. बंबवालीची चाल बदलली. भांडी घासताना ती शीळ वाजवू लागली. नवऱ्याने एकदा टेपने तिचा दंड मोजला आणि आपला मोजायचं टाळलं.

खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड असून बोलता येत नाही.

झालं असं, की सासूबाईंनी आपल्या मनाशी हिशेब जुळवला होता. सून रोज कोवळ्या उन्हाच्या वेळी धान्य घेऊन गच्चीवर जाते, पंधरा मिनिटांत परत येते. म्हणजे धान्याला ऊन दाखवते. नोकरीवाल्या बाईला एवढं जमतंय हेच पुष्कळ. शेजारणींना त्या अभिमानाने सांगत, आमच्याकडे किडा औषधाला सापडायचा नाही. साखरेलाही ऊन दाखवते, जरा अतीच करते, पण करते ना? आता ऊन दाखवलेलं धान्य आधी संपवावं, हा त्यांचा साधा नियम. त्या रोज मापाने माझ्यातूनच काढत. डब्यातलं तसंच राही. माझं पोट आत बसू लागलं तेव्हा त्यांना ते गबाळं दिसणं सहन झालं नाही. त्यांनी जुने स्वेटर आणि एक उशी आत कोंबून मला पुन्हा गुटगुटीत केलं.

दुसरा हात नवऱ्याचा. तो दातांच्या कवळ्या बनवतो, अतिशय हलक्या हाताचा माणूस. बायको धापा टाकताना बघून त्याचा जीव तुटायचा. रोज ती आंघोळीला गेली की तो माझ्यातून मूठ-दोन मूठ पीठ काढून डब्यात टाकायचा. चोरून, प्रेमाने. माझ्यात भर घालणारी एकटी चिमणी. तिने मला एक लाकडी बदक आणि एक बूट दिला.

आणि बंबवाली? ओझं थोडंथोडं हलकं होत गेलं की माणसाला आपलेच खांदे मोठे झाल्यासारखे वाटतात. तिचा तरी काय दोष?

परीक्षेला आठ दिवस उरले असताना तिने मैत्रिणीला जेवायला बोलावलं. बंबवाली स्वयंपाकघरात आली तर सासूबाई कोपरापर्यंत हात माझ्यात घालून वाकलेल्या.

"आई, हे काय करताय?"

"तांदूळ काढतेय. तू एवढं ऊन दाखवतेस, मग आधी हेच संपवायला नको?"

 तिने मला जमिनीवर उलटं केलं. स्वेटर निघाले, उशी निघाली, बदक निघालं. मैत्रीण धावत जाऊन काटा घेऊन आली. सगळं पुन्हा भरून तोललं, बदकासकट. साडेआठ किलो.

साखर संपून पंधरा दिवस झाले होते. नवऱ्याने दाराशी उभं राहून खाली बघत कबूल केलं, की पीठ आपण काढत होतो. "तू फार दमायचीस गं. बघवायचं नाही."

ती जमिनीवर बसली. रडली नाही. "आगीत कोण येणार आहे माझा पाईप हलका करायला?" एवढंच म्हणाली, आणि मग परीक्षेचं सगळं सासूबाईंना सांगून टाकलं. मैत्रीण भुकेली होती, पण त्या दिवशी जेवायचा विषय कुणी काढला नाही. आता खुर्चीचं पुराण सुरू होणार, म्हणून मीसुद्धा पट्टे आवळून बसले. सासूबाई मात्र उठल्या आणि माप धुऊन जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून उठायच्या आधी त्या दारात उभ्या. माझ्यात विटा, बंद पडलेली इस्त्री आणि कुणी न उघडलेले दोन जाडजूड शब्दकोश. काटा त्यांनी मैत्रिणीकडून आणून ठेवलाच होता.

"खाता येईल असं काही घातलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हे बघ, मला भीती वाटते, ती वाटत राहणार. पण तू कच्ची राहून आगीत गेलीस तर माझा डोळा लागायचा नाही. चल, चढ."

खऱ्या वीस किलोंना तीन मिनिटं दहा सेकंद लागली. आठ दिवसांत तिने जिवाचं रान केलं. परीक्षेच्या दिवशी मी मैदानाच्या कडेला सासूबाईंच्या खांद्यावर होते, पोटात चिमणीचे कपडे आणि पाण्याची बाटली. सहाव्या मजल्यावरून साहेबांचा आवाज आला. दोन मिनिटं एक्केचाळीस.

अकरा सेकंद जास्त. साहेबांनी एक महिन्याची मुदत दिली, तोवर टेलिफोन. आम्ही घरी परतलो. जिना चढताना सासूबाई मागून म्हणाल्या, "उद्या साडेसहाच ना? का सहा?"

"सहा," ती म्हणाली.

तो महिना मी विसरणार नाही. सकाळी चिमणीला सासूबाई बघायच्या. स्वयंपाक नवऱ्याकडे आला, आणि भाजी कवळीसारखी तासून चिरण्यात त्याचा वेळ जायचा, त्यामुळे सगळे उशिरा जेवायचे. मैत्रीण रविवारी स्वतःही चढू लागली, तिसऱ्या मजल्यापर्यंत. दिवसभर बंबवाली टेलिफोनवर लोकांना घाबरू नका म्हणायची आणि घरी येऊन स्वतः घाबरायची. काही दिवस घड्याळातला आकडा खालीच उतरेना. एकदा तर पाच सेकंद मागे गेली. तरी कुणी माझ्यात हात घातला नाही. नवरा घालायला यायचा, मग हात खिशात घालून निघून जायचा. मला वाटतं, त्या घरातला सगळ्यात अवघड व्यायाम त्याचाच होता.

महिन्याने ती सहा मजले दोन मिनिटं सव्वीस सेकंदांत चढली. निकाल ऐकून सासूबाई आनंदाने हसल्या आणि लगेच काळजीत पडल्या. दोन्ही एकाच चेहऱ्यावर, एकाच वेळी. आता ती कामावर जाते. बंबाची घंटा ऐकू आली की सासूबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहतात, आणि तिने घरी आल्यावर धुराचा वास येणारे कपडे टाकले की स्वतः भिजवतात.

मित्रांनो, निरोप घेताना एवढंच मागते. आपल्या माणसाला मदत जरूर करा. त्याचं मूल सांभाळा, भाजी चिरा, घड्याळ धरून उभे राहा. पण त्याने जे ओझं आपणहून पाठीवर घेतलं आहे, त्या ओझ्याला त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. अगदी प्रेमानेसुद्धा नको. आणि तुमच्या घरात एखादी जुनी सॅक असेल, तर तिला अधूनमधून उघडून नीट झटका. बाहेरून गुटगुटीत दिसते म्हणून आत सगळं ठीक आहे, असं धरून चालू नका.