मातकट रंगाची जीप

गाडी दारात उभी राहिली तेव्हा मी आधी तिचा रंग पाहिला आणि तोंड फिरवलं. मातकट. त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर आमच्या घरात पहिली चारचाकी आली, ती उन्हाळ्यातल्या रस्त्याच्या रंगाची. मी आठ महिने पांढऱ्या गाडीची वाट पाहत होते, मागच्या काचेला पडदे असलेल्या. आली ती लांब बॉडीची डिझेल जीप. वर पत्र्याचं छप्पर, मागे समोरासमोर दोन बाकडी.

आमचे हे, म्हणजे पंडित, कृषी विद्यापीठात माती तपासायच्या प्रयोगशाळेत आहेत. माणूस मुळातच तपासून घेणारा. टोमॅटोसुद्धा उलटसुलट करून घेतात, तर गाडीचं काय सांगावं. नऊ माणसं बसतात, सुटे भाग कुठल्याही तालुक्याला मिळतात, पोट जमिनीपासून वीतभर जास्त उंच आहे, असं त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की माझं सगळं पाठ झालं. सुंदर आहे असं मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

परभणीत मत द्यायला कोणी मागे राहत नाही. माझ्या शाळेतल्या सुमनबाई गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या की पाटबंधारे खात्याची वाटते हो. किराणा दुकानदाराने समजूत घातली की धूळ बसली तरी कळणार नाही, धुवायचं काम वाचलं. कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्यांनी दाटीवाटीने चौदा बसतील असा हिशेब केला. माझा भाऊ रंगनाथ खास पाहायला आला, त्याने बॉनेट उघडलं, लावलं, चहा घेतला आणि जाताना म्हणाला, "टिकेल." नव्या गाडीबद्दल याहून कमी बोलता येत नाही.

खरं मत हवं होतं ते सासऱ्यांचं. तात्याराव अठ्ठावीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. जिल्ह्यातला एकेक खड्डा त्यांच्या ओळखीचा. त्यांनी काठीने चारी टायर ठोकून आवाज ऐकला, मग स्टेपनी ठोकली आणि "हं" म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ चांगला आहे असं पंडित धरून चालले.

घरात आणखी एक माणूस होतं ज्याने काहीच मत दिलं नाही. माझ्या सासूबाईंची, गीताबाईंची आई. चांगुणाबाई. ऐंशीच्या घरात होती. एक डोळा मोतीबिंदूने गेलेला, दुसऱ्यात पिकत आलेला, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की उठून जायची. तिने बॉनेटवर तळहात ठेवला, गरम पत्रा हाताला लागू दिला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. कशी आहे आजी, म्हणून मी विचारलं. ती हात पदराला पुसत आत गेली.

पहिल्या दिवशी बाजारात जायला आम्ही सगळे दाटून बसलो. पंडितांचा हात अजून बसला नव्हता, म्हणून सासरे चालवणार होते. इंजिन सुरू झालं, पण गाडी हलेना. सासरे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर पाहत बसलेले. पंडितांनी विचारलं, काय अडलं. शेवटी सासूबाई हसल्या आणि त्यांनी पत्र्यावर टकटक असं दोनदा वाजवलं. गाडी निघाली. अठ्ठावीस वर्षं कंडक्टरच्या डबल बेलशिवाय त्यांनी गाडी हलवली नव्हती, आणि एक बेल झाली की थांबवली नाही असंही कधी झालं नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरात तो नियमच झाला. दोन टकटक म्हणजे चला, एक म्हणजे थांबा.

ज्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी आमची माणसं वर्षानुवर्षं लढली, त्याला चौदा जानेवारीला बाबासाहेबांचं नाव लागलं. आमच्या वस्तीत त्या दिवशी जे झालं ते मला धड सांगता येत नाही. माणसं एकमेकांना पेढा भरवत होती आणि रडत होती. आजी ओट्यावर बसून होती. पेढा तिने हातात धरला, खाल्ला नाही.

त्या नावाची किंमत तिने आधीच मोजली होती. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात, तिच्या गावातली आमच्या लोकांची घरं जाळली. सोनपेठच्या पुढे गोदावरीच्या अंगाला बोरटेक म्हणून गाव आहे, तिथली ती. पहाटे अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली. निघताना म्हणाली, ह्या मातीला परत पाय लावणार न्हाई. दंगलीमुळे एसटी बंद होत्या. जावई एसटीचा ड्रायव्हर, आणि सासू तीन दिवस चालत परभणीला आली. सासरे ही गोष्ट कधी सांगत नाहीत. मला सासूबाईंनी सांगितली, तीसुद्धा ते घरात नसताना.

पेढे वाटून झाल्यावर आठ दिवसांनी, सकाळी चहा पिता पिता आजी म्हणाली, "मला गाव दाखवा एकदा. उतरायची न्हाई मी. बसूनच बघते."

कोणाच्या हातातला कप तोंडाला लागेना. सोळा वर्षं होत आली होती, तिने गावाचं नाव घेतलं नव्हतं. "ह्यो डोळा हाय तवर," ती म्हणाली आणि चहा संपवला.

रविवारी निघालो. आजी पुढे, सासऱ्यांच्या शेजारी. मागे पंडित, सासूबाई आणि मी. आयुष्यात मी एसटीच्या खिडकीतून खूप शेतं पाहिली आहेत, पण त्या दिवशीसारखी नाही. ज्वारी हुरड्याला आलेली, दोन्ही बाजूंनी कणसं खिडकीच्या उंचीला, आणि आम्ही त्यांच्यामधून सरळ चाललेलो. आजी एका डोळ्याने पाहत होती. जे दिसत नव्हतं ते वासाने ओळखत होती. सोनपेठ मागे पडल्यावर म्हणाली, आता उजवीकडं चिंचा लागतील. लागल्या.

फाट्यावर डांबर संपलं. पुढे गाडीवाट, तीही काळ्या मातीची, वाळून चिरा पडलेली. मग ओढा आला, गुडघाभर पाण्याचा. इथे पांढरी गाडी पडद्यांसकट बसली असती. सासऱ्यांनी पुढच्या चाकांचा गिअर टाकला. पाणी दरवाज्याच्या खालपर्यंत आलं, दगड पोटाखालून गडगडत गेले, आणि जीप पलीकडच्या काठावर चढली. पंडित खिडकीतून वाकून चाकं पाहू लागले. मी मात्र मनातल्या मनात त्यांची आठ महिन्यांसाठी माफी मागितली.

गावाशी आलो आणि अडलो. आमच्या लोकांची वस्ती गावाच्या पलीकडे. तिकडे जायला पूर्वी बाहेरून एक वाट होती. आजीच्या लग्नाची वरातसुद्धा तिथूनच गेलेली, कारण वेशीतून वाजतगाजत जायची आमची टाप नव्हती. आता त्या वाटेवर कोणी गोठा बांधला होता आणि पुढे काट्याचं कुंपण. बैलगाडी कशीबशी गेली असती, जीप जाणं शक्य नव्हतं. एकच रस्ता उरला. समोरची वेस, आणि वेशीतून थेट गावाच्या मधून.

सासऱ्यांनी वेशीसमोर गाडी उभी केली. इंजिन चालू. हात स्टिअरिंगवर. पारावर बसलेली चार माणसं उठून उभी राहिली. परत फिरू, असं पंडितांच्या ओठांवर आलं होतं, मला दिसत होतं. सासूबाईंचा हात पत्र्याकडे गेला आणि तसाच खाली आला. त्यांच्याने वाजवेना.

तेवढ्यात पुढून आवाज आला. टक टक. आजीने वाजवलं होतं.

वेशीतून आम्ही आत गेलो तेव्हा आजीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान ताठ ठेवली. दोन्ही बाजूला दारं, दारांत माणसं, आणि ती सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. जी बाई या रस्त्याने डोक्यावर मोळी घेऊन, अंग चोरून, कडेकडेने गेली असेल, ती आता मधोमध चालली होती. मी मागच्या बाकड्यावरून तिच्या मानेकडे पाहत राहिले. मला तिची भीती वाटली म्हटलं तरी चालेल. इतक्या मोठ्या माणसाजवळ मी रोज बसते हे मला तोवर कळलं नव्हतं.

चावडीपाशी लोक इतके जमले की थांबावं लागलं. मला वाटलं, आता कोणी तरी त्या पावसाळ्याबद्दल बोलेल. निदान मान खाली घालेल. पण त्यांनी सुरुवात केली ती गाडीपासून. लिटरला किती जाते. डिझेलची हाय का. पाठीमागं खताची पोती बसतील. एकाचं मत पडलं की रंग बरा नाही. मला इतका संताप आला की खाली उतरून एकेकाला विचारावं, घरं जळत होती तेव्हा तुमची मतं कुठं होती.

गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. किशनराव. गावातला मोठा शेतकरी. त्या रात्री त्याने काही केलं नव्हतं. त्याने दार लावून घेतलं होतं. सासूबाईंनी मला हळूच सांगितलं, आजीने त्याच दारावर आधी हाक मारली होती. किशनरावाने जीपला एक फेरी मारली. चाकं पाहिली. आजीच्या खिडकीपाशी आल्यावर तो टायरांबद्दल काही तरी बोलायला लागला, आणि वाक्य अर्ध्यातच राहिलं. आजी समोर पाहत होती. तिने दोनदा पत्रा वाजवला. गाडी पुढे निघाली आणि किशनराव मागून चालत आला.

वस्ती नव्हतीच. थोडी घरं नंतर परतलेल्यांची होती, पत्र्याची, पण आजीच्या जागेवर गुडघाभर भिंती आणि त्यांच्यामध्ये गवत. सासूबाई ओळखून म्हणाल्या, इथं. आजीने एकदा टक असं वाजवलं. गाडी थांबली.

ती खिडकीतून पाहत राहिली. एक डोळा बारीक करून, मान पुढे काढून. बऱ्याच वेळाने विचारलं, "गीते, उखळ हाय का?"

"हाय की, आई. त्या कोपऱ्यात."

जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. जळत नाही, कोणी उचलून नेत नाही. सोळा पावसाळे खाऊन ते तिथेच होतं.

"मला दिसंना," आजी म्हणाली.

बसूनच बघते असं म्हणून ती आली होती, एवढ्या उंचावरून आली होती, आणि तिच्या डोळ्याला तेवढंच पोचत नव्हतं. उतरली तर तिचा शब्द मोडणार, नाही उतरली तर न बघताच परत जाणार. पंडितांनी मला कोपर लावलं की तू काही बोलू नकोस. मी कुठे बोलणार होते.

आजीने दरवाजा उघडला. किशनराव पुढे झाला आणि त्याने हात पुढे केला. तो हात तिने पाहिला, नक्की पाहिला, एवढं तर तिला दिसत होतं. तिने दरवाज्याची दांडी धरली. एक पाय पायरीवर ठेवला आणि थांबली. मग दुसरा पाय मातीवर टेकवला. सासूबाईंनी पदर तोंडात धरला.

भिंतीला धरून ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि बसली. उखळात पालापाचोळा भरला होता. तो तिने मुठीमुठीने बाहेर काढला. हात कोपरापर्यंत आत घालून तळ चाचपला, पदराच्या टोकाने आतून पुसलं. जणू उद्या सकाळी मिरच्या कांडायच्या आहेत. सगळी माणसं उभी राहून पाहत होती. चावडीवर बोलणारे तेच लोक, पण आता कोणालाच गाडी दिसत नव्हती.

किशनराव हात तसाच घेऊन उभा होता. त्याला काही तरी बोलायचं होतं आणि जमत नव्हतं. आयुष्यभर तो तिला "चांगुणे" म्हणत आलेला, सासूबाईंनी सांगितलं होतं. शेवटी त्याला सापडलं ते तेवढंच.

"गाडी कशी वाटली, चांगुणाबाई, तुमाला?"

आजीने उखळातून हात काढला. सगळ्यांची मतं देऊन झाली होती, सुमनबाईंची, रंगनाथची, अख्ख्या परभणीची. फक्त तिचं राहिलं होतं.

"चांगली हाय," ती म्हणाली. "घरापर्यंत येती."

किशनरावाने मान खाली घातली ती वर केली नाही.

बराच वेळ झाला. ऊन उतरत आलं, ओढा उजेडात ओलांडायला हवा म्हणून पंडितांनी दोनदा घड्याळ पाहिलं. सासरे खाली उतरले, भिंतीपाशी गेले आणि तिच्याजवळ चवड्यावर बसले. अठ्ठावीस वर्षं मिनिटांवर गाडी सोडणारा माणूस.

"बसा सावकाश, मामी," ते म्हणाले. "ह्या गाडीला टाइम न्हाई."

ते परत येऊन सीटवर बसले, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि समोर पाहत राहिले. आम्हीही बसलो. आजी तिच्या वेळेने उठली, तिच्या वेळेने आली, दांडी धरून वर चढली. पायाला लागलेली माती तिने झटकली नाही. मग तिने दोनदा वाजवलं.